हजेरीतला पंच्याऐंशीवा नंबर

लातूरच्या ट्युशन एरियात महादेवी बिराजदार कुठं राहतात असं विचाराल तर चार जण नुसती मान हलवतील. ‘डब्बा फोनवाल्या काकू’ म्हणा, रिक्षावाला थेट दारात सोडेल. मुलींच्या एका खाजगी वसतिगृहाची ती रेक्टर. चौऱ्याऐंशी मुली, हिमायतनगरपासून बिलोलीपर्यंत कुठून कुठून आलेल्या. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय आणि सगळ्यांना झोप येते. आल्या दिवशी काकू प्रत्येकीचा भारी फोन काढून आईबापाच्या हातात देते आणि बटणांचा साधा फोन घ्यायला लावते. मुली त्याला डब्बा म्हणतात. दोन वर्षं त्याच्याकडे बघून नाकं मुरडतात आणि मे महिन्यात नीटचा पेपर झाला की तो खाटेवर टाकून घरी पळतात. काकू ते डबे गोळा करून ऑफिसच्या खणात ठेवते. चालू वस्तू फेकायची म्हटली की तिच्या जिवावर येतं.

ही सवय तिला गौरम्मानं लावली. महादेवी मूळची किल्लारीच्या पट्ट्यातली, भूकंप झाला तेव्हा पंधरा वर्षांची. आई, वडील आणि धाकटा भाऊ एका पहाटे गेले. हिला मावशीनं, म्हणजे या गौरम्मानं, दगडमातीतून हातांनी उकरून काढलं. मावशीचा नवराही त्यातच गेला होता, पण त्याच्यासाठी रडायला ती दुपारपर्यंत बसली नाही असं गावातले म्हातारे अजून सांगतात. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये तिनं आपला मुलगा विरूपाक्ष आणि ही भाची, दोघांना एका ताटात जेवू घालून वाढवलं. फुटक्या घागरीची कुंडी केली, फाटक्या तंबूची पिशवी केली. विरूपाक्ष इंजिनिअर होऊन पुण्यात अकराव्या मजल्यावर गेला. महादेवी लग्न करून लातूरला आली, नवरा आजारानं लवकर गेला, आणि ज्या वसतिगृहात तो ऑफिस बघायचा तिथंच ती रेक्टर म्हणून उभी राहिली. उभी राहिली ती राहिलीच.

गौरम्मा मात्र भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातून हलली नाही. सरकारनं दिलेलं पक्कं घर तिच्या नावावर आहे, त्यात ती ज्वारी ठेवते. स्वतः झोपते समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. स्लॅबखाली तिला डोळा लागत नाही, तीस वर्षांत लागलेला नाही. शेडच्या दाराशी एक गठुडं कायम बांधलेलं असतं: लुगडं, रेशनकार्ड, सातबारा, काडेपेटी. त्या पट्ट्यात अशी गठुडी अजून पुष्कळ घरांत सापडतील, कुणी त्याबद्दल बोलत नाही इतकंच. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, एका घरात खोकलं की शेजारी विचारायचे. नव्या गावात रस्ते रुंद, घरं लांब लांब, आणि हाक मारली तर ती वाऱ्यावर जाते.

भूकंपाला तीस वर्षं झाली त्या श्रावणात गौरम्मा शेडमागं सरपण काढताना पडली. सकाळी पडली, आणि शेजारची सिंधु दुपारी ताक द्यायला आली तेव्हा कुणाला कळलं. मोडलं काही नाही, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई अर्धा दिवस उन्हात मातीत पडून होती. संध्याकाळी विरूपाक्षचा महादेवीला फोन आला.

“मी तिला पुण्याला आणतोय,” तो म्हणाला. “महादेवी, ती तिथं पडली होती आणि मी इथं मीटिंगमध्ये विनोद सांगत होतो. मला हे सहन होणार नाही परत.”

त्याचं चूक नव्हतं. उद्या त्याला कुणी बेफिकीर मुलगा म्हटलं तर महादेवीच भांडायला उठली असती. पण अकराव्या मजल्यावर मावशी महिनाभरही टिकणार नाही हे तिला लख्ख दिसत होतं. मावशीनं स्वतःच सांगून टाकलं होतं, “खाली धा मजले, वर आनखी धा. त्यांच्या मदी म्या झोपू? त्यापरिस हितंच पुरा मला.”

“मला दिवाळीपर्यंत वेळ दे दादा,” महादेवी म्हणाली. “तिची खबर रोज कळेल असं काहीतरी मी शोधते.”

“शोध. काय लागेल ते मी पाठवतो.”

आणि त्यानं पाठवायला सुरुवात केली. माणूस लांब राहिला की त्याचं प्रेम खोक्यातून येतं. पहिल्यांदा आला मोठा काचेचा फोन, आईचं तोंड रोज बघता यावं म्हणून. गौरम्मानं त्यावर अंगठा ठेवला. फोन ढिम्म. जन्मभर खुरप्यानं झिजलेला तो अंगठा. रेशनच्या दुकानातलं मशीनसुद्धा तो ओळखत नाही, तर ही पुण्याची काच कुठली ओळखायला. पाच-सहा वेळा घासून झाल्यावर गौरम्मानं फोन रुमालात बांधून गठुड्यात ठेवला, पळायची वेळ आली तर बरोबर असावा म्हणून. तो तिथंच वाजून वाजून गार झाला.

मग आला कॅमेरा. विरूपाक्ष स्वतः येऊन शेडच्या कोपऱ्यात लावून गेला. तिसऱ्या दिवशी त्याला पुण्यात नुसता हिरवा अंधार दिसायला लागला. आईनं त्यावर लुगडं वाळत घातलं होतं. “म्या तितं न्हाती,” एवढंच ती म्हणाली.

सगळ्यात भारी वस्तू शेवटी आली: गळ्यात घालायचं लाल बटण. पडलात तर दाबा, चार जणांना एकदम फोन जातो. महादेवीला ते फार आवडलं. ती हौसेनं रविवारची बस पकडून गेली आणि मावशीच्या गळ्यात घालायला लागली, तशी मावशी दोन पावलं मागं सरली. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं, लहानपणी दीक्षा झाल्यापासून अंगावेगळं न केलेलं. भूकंपात अंगावरचं बाकी सगळं गेलं, ते राहिलं.

“ह्याच्या शेजारी ते पिलास्टिक लटकवू?” गौरम्मा म्हणाली. “तुला तरी सुचलं कसं, पोरी?”

महादेवीला खरंच लाज वाटली. गळ्यात काय आहे हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं. पण वस्तूच्या नादात माणूस तिच्या नजरेआड झाला होता. परतीच्या बसमध्ये औशाच्या आधी कुठंतरी तिनं ठरवलं की आता मावशीला वस्तू शिकवायची नाही, मावशी रोज काय करते ते आधी बघायचं.

काय करते मावशी रोज? पहाटे उठते, अंघोळ करते, विभूती लावते, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करते. तीस वर्षांत हे एक दिवस चुकलेलं नाही. पूजा संपते साधारण साडेपाचला. आणि साडेपाचला महादेवी काय करते? हॉलमध्ये उभी राहून चौऱ्याऐंशी मुलींची हजेरी घेते. हे कोडं तिनं आठ दिवसांत सोडवलं आणि मग ऑफिसचा तो खण उघडला.

खणात सव्वीस डबे निघाले. तिनं सगळे चार्ज करून पाहिले, अकरा चालू होते. त्यातला ज्याची बटणं सगळ्यात टणक आणि मोठी, तो घेतला. या फोनांत पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, बोटाला न बघता लागावा म्हणून. महादेवीनं त्यावर नेलपॉलिशचे थेंबावर थेंब वाळवून तो उंचवटा ज्वारीच्या दाण्याएवढा केला आणि पाच दाबून धरलं की आपला नंबर लागेल अशी सोय केली.

गौरम्माला ऐकू कमी येतं, फोनवर तर काहीच नाही, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न तिनं मिटवूनच टाकला. “पूजा झाली की दाणा दाबायचा आणि दहा आकडे मोजायचे. माझ्याकडं वाजलं की मी तोडते. बोलायचं नाही, ऐकायचं नाही. वाजलं म्हणजे मावशी उठली, अंघोळ केली, पूजा केली, ठणठणीत आहे.”

“आन् बॅटरी?”

“आठवडाभर पुरते. बाजाराच्या दिवशी सिंधु चार्ज करून देईल.”

गौरम्मानं दाणा दाबला. महादेवीच्या पिशवीत फोन वाजला. तिनं परत दाबला, परत वाजला. अंगठा कसाही असो, या बटणाला चालत होता. मग तिनं फोन विभूतीच्या गोळीशेजारी पाटावर ठेवला. गठुड्यात ठेवला नाही हे पाहून महादेवीला एवढा आनंद झाला की तिनं मावशीच्या दोन्ही हातांना धरून तिला जागच्या जागी हलवलं.

इथवर सगळं उत्तम. आणि इथंच लातूरनं घोटाळा केला.

ज्या गावात चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे दारापेक्षा मोठे फोटो लागतात, जिथं सोमवारी टेस्ट, गुरुवारी टेस्ट आणि रविवारी त्या दोन टेस्टांची टेस्ट असते, तिथं वीस वर्षं काढलेल्या बाईच्या डोक्यात दुसरं काय येणार? विरूपाक्ष म्हणाला, “ठीक आहे, पण मला खात्री कशी पटणार?” आणि महादेवी म्हणाली, “तीस दिवसांची टेस्ट घे. रोज साडेपाचला फोन. एक दिवस जरी चुकला तरी तू गाडी घेऊन ये, मी मध्ये पडणार नाही.” तिनं मावशीला हे शब्दाला शब्द सांगितलं. वर तीस चौकोनांचा कागद शेडच्या पत्र्यावर चिकटवला, सिंधुनं रोज फुली मारावी म्हणून.

गौरम्मानं कागदाकडं बराच वेळ पाहिलं. “म्हंजी चुकलं की पुण्याला.”

“चुकणार नाहीच की तू.”

“न्हाई चुकत,” गौरम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहात चौऱ्याऐंशीव्या मुलीनं हजर म्हटलं आणि तेवढ्यात काकूंच्या हातातला फोन वाजला. काकूंनी तोडला आणि वहीत पंच्याऐंशी नंबरला ‘गौरम्मा’ असं नाव लिहून पुढं बरोबरची खूण केली. चार दिवसांत मुलींना कळलं. मग रोज फोन वाजला की अर्ध्या झोपेतल्या त्या सगळ्या एका सुरात ‘हजर’ म्हणायच्या, आणि साडेपाच वाजता त्या हॉलमध्ये हसण्याचा आवाज व्हायचा, जो क्लासवाल्यांनी ऐकला असता तर नक्की बंद करवला असता. बावीस दिवस एकही खाडा नाही. विरूपाक्ष म्हणाला, “कमाल आहे, आमच्या ऑफिसात एवढी हजेरी कुणाची नाही.” महादेवी आठवडाभर मान ताठ करून चालत होती.

तेविसाव्या दिवशी रविवार होता. सकाळचा फोन वेळेवर आला, मुली हजर म्हणाल्या, आणि महादेवी मावशीसाठी करडईचं तेल आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसली उमरग्याच्या गाडीत. शेडमध्ये पोचली तर गौरम्मा डाव्या हातानं घागर ओढत होती. उजवा हात पदराखाली होता. महादेवीनं पदर बाजूला केला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं, त्यावर आंबेहळदीचा लेप आणि लुगड्याची चिंधी.

“कधी पडलीस?”

“पडले कुटं. जरा पाय सरकला.”

“कधी, मावशी?”

“बुधवारी. फाटेचं, मोरीत.”

“बुधवारी तर तुझा फोन आला होता.”

“आला की,” गौरम्मा म्हणाली. “उजवा हात गेल्ता, डावा होता की.”

महादेवी खालीच बसली. बुधवारी तिनं हसत हसत खूण केली होती. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. आज सकाळीसुद्धा. मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन ही बाई रोज पूजा करून दाणा दाबत होती आणि तिकडं चौऱ्याऐंशी पोरी ‘हजर’ म्हणून हसत होत्या.

“सिंधुनं मला का नाही कळवलं?”

“म्याच शपथ घातली. अकरा दिस ऱ्हायले होते. एक चुकला आसता की गाडी आली आसती. तूच म्हणलीस.”

राग आला तो काढायला जागाच नव्हती. फोन बिघडला नव्हता, मावशीही चुकली नव्हती. ताप अंगावर काढून टेस्टला जाणाऱ्या मुली महादेवीनं किती पाहिल्या होत्या. त्यांना ती रागावून दवाखान्यात न्यायची. आणि तीच भीती तिनं आपल्या हातानं या घराच्या पत्र्यावर चिकटवली होती. तिनं उठून तो कागद ओढून काढला आणि चुलीत घातला.

लातूरच्या दवाखान्यात मनगटाला प्लास्टर झालं. रात्रीपुरतीसुद्धा मावशी वसतिगृहात राहायला तयार नव्हती, म्हणून सिंधुला सोबत देऊन संध्याकाळच्या आत तिला गाडीनं गावी धाडलं. मग महादेवीनं विरूपाक्षला फोन लावला. लपवता आलं असतं. प्लास्टर पुण्यातून थोडंच दिसणार होतं. पण तिनं बुधवारपासून सगळं सांगितलं, आपला कागद, आपली अट, काही न वगळता.

“मग झालं तर,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी मी येतो.”

“ये. पण न्यायला येऊ नकोस अजून. दादा, टेस्ट मी चुकीच्या माणसाची घेतली. फोन यायला पाहिजे ही तिची जबाबदारी नव्हे. नाही आला तर तिच्यापर्यंत पोचायचं, ही माझी आहे. दिवाळीला बारा दिवस आहेत. या बारा दिवसांत एकदा जरी मी पोचले नाही, तर तिची पिशवी मी स्वतः भरून देते.”

“तुझं वसतिगृह कोण बघणार?”

“ते मी बघते.”

“हट्टी आहेस,” विरूपाक्ष म्हणाला, “तिच्यासारखीच.” आणि फोन ठेवला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्याच दिवशी महादेवी परत गावी गेली. मावशीसमोर मांडी घालून बसली आणि कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द मोठ्यानं सांगितला. दुखलं तर दाबू नको. कंटाळा आला तर दाबू नको. नाही दाबलं म्हणून तुला कुणी कुठं नेणार नाही. नाही वाजलं तर आधी सिंधु येईल, आणि मी लातूरहून निघेन.

गौरम्मानं तिच्याकडं पाहिलं. मोंढ्यात धान्याचं मोजमाप चालू असताना काट्याकडं बघतात तसं.

“तुज्या पोरींची परीक्षा आसली तर?”

“तरी निघेन.”

“वसतिगृहाचा मालक रागावला तर?”

“रागावू दे. निघेन.”

“बरं,” गौरम्मा म्हणाली. तिचा विश्वास बसला असं तिच्या तोंडावर कुठंच दिसत नव्हतं.

नऊ दिवस फोन आला. मधल्या रविवारी विरूपाक्ष येऊन आईचं प्लास्टर बघून गेला, तिला न नेता. दहाव्या दिवशी वसतिगृहात पालकांची सभा होती. सकाळी दहाला मालक येणार, शंभर-सव्वाशे आईबाप येणार, काकूंनी आदल्या दिवशी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. साडेपाचला हजेरी झाली. चौऱ्याऐंशी झाल्या. फोन वाजला नाही. मुली वाट बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. महादेवीनं सिंधुला फोन लावला. घंटी पूर्ण वाजून बंद झाली. परत लावला, परत तेच.

सिंधुही उचलत नाही म्हणजे काय झालं असेल याची जी चित्रं डोळ्यांपुढं आली ती तिनं बघायचीच नाही असं ठरवलं. वही आणि किल्ल्या स्वयंपाकीणबाईंच्या हातात दिल्या. मालकांना एका ओळीचा निरोप लिहिला: घरचं आहे, निघते. आणि पायात आली ती चप्पल घालून स्टँडकडं चालायला लागली. गाडीत बसायला जागा होती, पण ती औशापर्यंत उभीच होती. फाट्यावर उतरल्यावर रिक्षा दिसेना, तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची जाड बाई गावापर्यंतचा रस्ता अर्धा पळत, अर्धा चालत गेली.

शेडसमोरच्या दगडावर गौरम्मा बसली होती. कपाळावर ताजी विभूती, प्लास्टरचा हात गळ्यात, फोन मांडीवर. शेजारी सिंधु चहाची किटली घेऊन बसली होती आणि महादेवीच्या नजरेला नजर देत नव्हती.

महादेवीला दम लागला होता. तिनं मावशीचा चेहरा चाचपला, हात चाचपले, पाय चाचपले. सगळं जागच्या जागी होतं.

“किती वाजले?” गौरम्मानं विचारलं.

“आठ,” सिंधु म्हणाली.

“साडेपाच ते आट.” गौरम्मानं बोटांवर मोजलं. “अडीच तास. चालंल. तेवडं पडून ऱ्हाता येतं.”

तेव्हा महादेवीला कळलं, आणि कळल्यावर ती रडायलाच लागली. रागानं की कशानं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. “जीव गेला असता माझा रस्त्यात,” ती म्हणाली. “मुद्दाम केलंस?”

“तू माजी तेवीस दिस परीक्षा घेतलीस,” गौरम्मा म्हणाली. “म्या तुजी एकच दिस घेतली.”

महादेवीच्या पिशवीतला फोन वाजला. मावशीचा नव्हे, विरूपाक्षचा. वसतिगृहाच्या रजिस्टरात तिच्या घरचा म्हणून त्याचाच नंबर होता, त्यावर मालकांनी फोन केला होता, सभेच्या दिवशी रेक्टरबाई कुठं गेल्या म्हणून.

“दादा, आज मावशीचा फोन आला नाही,” महादेवी डोळे पुसत म्हणाली.

“मग?” तो म्हणाला.

“मग काही नाही. मी पोचलेय. ती बरी आहे. माझ्यासमोर चहा पितेय.”

“मी पुण्याहून निघालो असतो तर दुपार झाली असती,” तो म्हणाला. “दिवाळीला आम्हीच तिकडं येतो. राहू दे तिला तिथं.”

गौरम्माला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण भाचीचा चेहरा तिनं वाचला. किटलीतला चहा डाव्या हातानं बशीत ओतून तो महादेवीपुढं सरकवत ती म्हणाली, “त्याला सांग म्हणावं, पोरगी पास झाली.”